सर्व्हर दुसऱ्याच्या छताखाली ठेवण्याआधी

आमची कंपनी पुण्यातली. पतसंस्था आणि छोट्या नागरी बँका यांची कोअर बँकिंग प्रणाली आम्ही चालवतो. आठवडे बाजारातून आलेली बाई गावच्या शाखेत काउंटरवर पासबुक सरकवते, तेव्हा तिचं खातं नवी मुंबईतल्या एका रॅकमध्ये उघडतं. ते उघडलं नाही तर काउंटरवरचा कारकून तिला ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या’ एवढंच सांगू शकतो. उद्या येण्याचं एसटीचं भाडं तिच्या पदरचं जातं. म्हणून सर्व्हर कोणत्या इमारतीत ठेवायचे हा माझ्या कामातला सगळ्यांत मोठा निर्णय आहे असं मी मानते.

यंत्रं आपली, जागा, वीज, थंडावा आणि पहारा दुसऱ्याचा, ही झाली कोलोकेशनची व्यवस्था. आमचा लोड बारा महिने जवळपास सारखा असतो, डेटाबेस रात्रंदिवस चालू असतात, त्यामुळे क्लाउडपेक्षा स्वतःची मशीन्स आम्हाला परवडतात. ज्यांचा धंदा दिवाळीत पाचपट वाढतो आणि एरवी थंड असतो, त्यांनी सरळ क्लाउड घ्यावा. त्यांच्यासाठी पुढचा मजकूर नाही.

जागा पाहताना, करार वाचताना आणि रात्री-अपरात्री फोन उचलताना जे उमगलं ते इथे लिहिते आहे. त्या सगळ्यामागे एकच सवय आहे. कागदावरच्या प्रत्येक वाक्यामागची वस्तू शोधायची. ‘दोन स्वतंत्र वीजमार्ग’ लिहिलं असेल तर त्या दोन वायरी डोळ्यांनी बघायच्या आणि त्या जिथून निघतात तिथपर्यंत चालत जायचं.

१. रॅक मोजण्याआधी वीज मोजा

विक्रीला आलेला माणूस विचारतो, ‘किती रॅक हवेत?’ हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न किलोवॅटचा. ४२ यूच्या एका रॅकमध्ये जागा भरपूर असते, पण वीज संपली की जागेचा उपयोग नाही. सर्व्हरच्या पाठीवर ८०० वॅट छापलेलं असतं. ती त्या पॉवर सप्लायची कमाल क्षमता. प्रत्यक्षात तेच मशीन नेहमीच्या कामाला त्याच्या निम्मीही वीज घेत नाही असं पुष्कळदा दिसतं. म्हणून पाठीवरचे आकडे बेरजेला घेऊ नयेत. सर्व्हरच्या व्यवस्थापन पोर्टवर प्रत्यक्ष वापर दिसतो. महिनाअखेरीच्या व्याजआकारणीच्या रात्री तो किती चढतो ते नोंदवावं आणि त्यावर मागणी ठरवावी.

इथे एक गफलत नेहमी होते. रॅकला ए आणि बी असे दोन फीड मिळतात. ३२ अँपियरचा सिंगल फेज फीड म्हणजे साधारण ७.३६ केव्हीए, सुरक्षिततेसाठी त्याच्या ८० टक्के धरले तर ५.९ केव्हीए. दोन फीड आहेत म्हणून ११.८ केव्हीए वापरता येईल असा हिशेब काही जण करतात. तसं केलं तर ए फीड गेल्या क्षणी सगळा भार बीवर येतो, ब्रेकर ट्रिप होतो आणि अख्खा रॅक काळोखात जातो. दोन्ही फीड मिळून ५.९च्या आत राहायचं, म्हणजे कोणताही एक गेला तरी दुसरा एकट्याने सगळं पेलतो. एकच पॉवर सप्लाय असलेली जुनी स्विचेस आणि मोडेम यांना दोन्ही फीडवर स्वतः उडी मारणारा ट्रान्स्फर स्विच लावावा. सर्व्हर चालू पण स्विच बंद, अशा अवस्थेत शाखांच्या दृष्टीने सगळंच बंद असतं.

बिलाची पद्धत आधी विचारावी. काही ठिकाणी ठरलेल्या केव्हीएचं ठोक भाडं असतं, वापरा वा न वापरा. काही ठिकाणी मीटरप्रमाणे युनिट मोजतात आणि त्याला एका आकड्याने गुणतात. तो आकडा म्हणजे तुमच्या एका युनिटमागे इमारत थंडाव्यासकट एकूण किती युनिट खाते त्याचं गुणोत्तर, पीयूई. तो १.६ असेल तर तुम्ही हजार युनिट वापरल्यावर सोळाशेंचं बिल येतं. हा आकडा करारात कायम आहे, की दर महिन्याला प्रत्यक्ष मोजून लावणार, आणि त्याला वरची मर्यादा आहे का? भाड्यात दहा टक्के सूट मिळवण्यापेक्षा या तीन प्रश्नांची उत्तरं लिहून घेण्यात जास्त पैसे वाचतात.

२. टिअरचं प्रमाणपत्र उलटून वाचा

अपटाइम इन्स्टिट्यूट ही संस्था डेटा सेंटरना टिअर १ ते टिअर ४ अशी श्रेणी देते. माहितीपत्रकांवर ‘टिअर ३ प्लस’, ‘टिअर ३ दर्जाचे’ असे शब्द दिसतात. अशी श्रेणी अस्तित्वात नाही. शिवाय खऱ्या प्रमाणपत्राचेही प्रकार आहेत: एक फक्त नकाशे आणि आराखडे तपासून देतात, दुसरं बांधून पूर्ण झालेल्या इमारतीची जागेवर चाचणी घेऊन. आराखड्याचं प्रमाणपत्र मिरवणाऱ्या इमारतीत प्रत्यक्ष बांधकाम करताना एखादा व्हॉल्व्ह, एखादी केबल वाचवलेली असू शकते. प्रमाणपत्रांची यादी संस्थेच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली आहे. पाच मिनिटांत पडताळता येते.

टिअर ३चा अर्थही नीट लक्षात घ्यावा. कोणतंही एक यंत्र दुरुस्तीसाठी बाजूला काढलं तरी सर्व्हर बंद पडू नयेत, एवढं ते वचन आहे. दुरुस्ती चालू असतानाच दुसरं काही बिघडलं तर काय, याची हमी टिअर ३ देत नाही. अचानक झालेला एखादा बिघाड सर्व्हर बंद न पडता पेलणं ही टिअर ४ची गोष्ट. म्हणून मी नेहमी विचारते, मागची मोठी दुरुस्ती कधी झाली आणि त्या दिवशीची नोंदवही दाखवाल का? ज्यांनी खरोखर एक चिलर किंवा एक यूपीएस काढून काम केलं आहे ते उत्साहाने दाखवतात. काहींकडे दाखवण्यासारखं काही नसतं, कारण बंद करायच्या भीतीने त्यांनी यंत्राला हातच लावलेला नसतो. तो मला मोठा धोका वाटतो.

३. डिझेलच्या टाकीपर्यंत चालत जा

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली. लोकल जागेवर थांबल्या, सिग्नल बंद पडले. काही भागांत वीज दोन-तीन तासांत आली, काही भागांत यायला संध्याकाळ झाली. मुंबईची वीज जात नाही असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो होतो, आणि अनेक करारांमधलं डिझेल जनरेटरचं, म्हणजे डीजीचं, कलम त्याच विश्वासावर न वाचता मान्य केलेलं होतं. त्या दिवशी डेटा सेंटर चालली ती डिझेलवर.

डीजी आहे का, हा प्रश्न पुरेसा नाही. सगळ्यांकडे असतो. वीज गेल्यावर बॅटऱ्या काही मिनिटं भार धरतात, तेवढ्यात डीजी सुरू होऊन स्थिर व्हायला हवा. त्यासाठी बॅटऱ्यांचं वय विचारावं आणि शेवटच्या चाचणीचा अहवाल मागावा. डीजीची चाचणी भारासकट घेतात की नुसता चालू करून बंद करतात, हेही विचारावं. नुसता चालू करून पाहिलेला डीजी भार पडल्यावर दहाव्या मिनिटाला गरम होऊन बंद पडू शकतो.

मग टाकी. अपटाइमच्या निकषात जागेवर किमान बारा तास पुरेल इतकं इंधन असावं लागतं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांचं असेल तर बरं. पण साठा संपल्यावर टँकर येणार कुठून? २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा माणसांना घरी पोहोचायला रात्र उलटली. अशा दिवशी एकाच पुरवठादाराचा करार कामाचा नाही. दोन वेगवेगळ्या दिशांचे पुरवठादार आणि पाणी न भरणारा एक तरी रस्ता पाहिजे. मी जागा बघायला शक्यतो जुलैत जाते. रस्त्यावर पाणी कुठे साचतं ते कोणत्याही नकाशापेक्षा तेव्हा स्वच्छ दिसतं.

आणि टाकीकडून डीजीकडे इंधन चढवणारा पंप कोणत्या मजल्यावर आहे? २९ ऑक्टोबर २०१२ला सँडी वादळात न्यूयॉर्कच्या दक्षिण टोकाला समुद्राचं पाणी शिरलं. ७५ ब्रॉड स्ट्रीट या इमारतीत पीअर वन या कंपनीचं डेटा सेंटर होतं. डीजी वरच्या मजल्यावर सुरक्षित होते, पण इंधनाची व्यवस्था तळघरात बुडाली. तिथल्या आणि ग्राहक कंपन्यांच्या लोकांनी सतरा मजले जिन्याने बादल्यांतून डिझेल वाहून नेलं आणि सर्व्हर चालू ठेवले. त्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ती वेळ एका पंपाच्या जागेमुळे आली, आणि आधी कुणी टाकीपासून डीजीपर्यंत पाइप धरून चाललं असतं तर ते दिसलं असतं. तेव्हापासून नवी जागा बघताना मी सर्व्हर हॉल शेवटी बघते. आधी सबस्टेशन, मग बॅटरी रूम, मग डीजी, मग टाकी, मग पंप.

४. आग लागली की ए आणि बी दोन्ही जातात

या मुद्द्यावर मी सगळ्यांत जास्त आग्रही आहे.

१५ ऑक्टोबर २०२२ला दक्षिण कोरियात सोलजवळ पांग्यो इथल्या डेटा सेंटरमध्ये तळघरातल्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना आग लागली. आग विझवण्यासाठी संपूर्ण इमारतीची वीज तोडावी लागली. काकाओ कंपनी तिथे भाडेकरू होती. तिचे सुमारे ३२,००० सर्व्हर त्या एकाच इमारतीत होते. कोरियात निरोप, टॅक्सी, पैसे देणं-घेणं असं सगळं काकाओवर चालतं. सगळ्या सेवा पूर्ववत व्हायला पाच दिवसांहून जास्त लागले आणि कंपनीच्या दोन प्रमुखांपैकी एकाने राजीनामा दिला. त्याच इमारतीत नेव्हर ही दुसरी मोठी कंपनीही भाडेकरू होती. तिचं स्वतःचं वेगळं केंद्र दुसऱ्या शहरात होतं, म्हणून तिच्या बहुतेक सेवा लवकर सावरल्या. इमारत एक, आग एक, भाडेकरू दोन. इमारतीच्या मालकाने काय केलं यापेक्षा भाडेकरूंनी आधी काय ठरवलं होतं याने फरक पडला.

दोन यूपीएस, दोन फीड, दोन डीजी ही सगळी दुहेरी व्यवस्था यंत्र बिघडण्यासाठी आहे. अग्निशमन दल आलं की ते मुख्य वीज तोडतं, आणि तेच बरोबर आहे. म्हणून ‘आमच्याकडे सगळं दुहेरी आहे’ हे वाक्य आगीपुढे उपयोगाचं नाही.

बॅटरी रूम बघताना मी चार गोष्टी पाहते. बॅटऱ्या शिशाच्या आहेत की लिथियमच्या; त्या सर्व्हर हॉलला लागून आहेत की जाड भिंतीपलीकडे; ए आणि बीच्या बॅटऱ्या एकाच खोलीत आहेत का; आणि ए-बीच्या केबल एकाच शाफ्टमधून चढतात का. लिथियमला माझा विरोध नाही, त्या कमी जागेत जास्त काळ टिकतात. पण त्यांची आग वायूने विझत नाही. ती पुन्हा पुन्हा पेटते आणि शेवटी भरपूर पाणीच लागतं. ते पाणी खालच्या मजल्यावरच्या कुणाच्या रॅकवर उतरणार, हेही विचारून ठेवावं.

वायूच्या बाबतीतली एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. १० सप्टेंबर २०१६ला बुखारेस्टमध्ये आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये अग्निशमनाचा सराव चालू होता. निष्क्रिय वायू सोडताना नळीच्या तोंडाशी इतका प्रचंड आवाज झाला की त्या कंपनांनी हार्ड डिस्क खराब झाल्या. बँकेचे एटीएम आणि ऑनलाइन व्यवहार सुमारे दहा तास बंद होते. म्हणजे आग न लागताही. जिथे असा वायू असेल तिथे नळ्यांना आवाज कमी करणारी तोंडं बसवली आहेत का, असं विचारलं की समोरच्या माणसाला विषय किती माहीत आहे तेही कळतं.

५. बॅकअप त्याच आवारात नको

१० मार्च २०२१च्या मध्यरात्रीनंतर फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीची पाच मजली इमारत जळून गेली. शेजारच्या इमारतीलाही झळ लागली. अनेक ग्राहकांचा बॅकअप त्याच आवारात होता, काहींचा त्याच इमारतीत. मूळ प्रतही गेली आणि जपलेली प्रतही. २६ सप्टेंबर २०२५ला कोरियाच्या देजॉन शहरात सरकारी डेटा केंद्राला आग लागली, तेव्हा सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली साठवणाऱ्या यंत्रणेतला ८५८ टेराबाइट माहितीसाठा गेला. त्याची बाहेर प्रत नव्हती.

पतसंस्थेच्या ठेवीदाराचं नाव आणि शिल्लक ही त्याच्या आयुष्याची कमाई असते. तिची दुसरी प्रत वेगळ्या शहरात असलीच पाहिजे, यावर मी खर्चाची चर्चा करत नाही.

किती लांब, यावर मात्र करते. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण पाच मायक्रोसेकंद लागतात. पुणे ते नवी मुंबई दीडशे किलोमीटर फायबर धरलं तर जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. एवढ्यात प्रत्येक नोंद दोन्हीकडे लिहून झाल्यावरच ‘झाली’ म्हणता येते, एकही नोंद हरवत नाही. हैदराबाद सातशे किलोमीटरच्या पलीकडे, म्हणजे कमीत कमी सात मिलिसेकंद. तिथे प्रत थोड्या उशिराने जाते आणि शेवटच्या काही सेकंदांच्या नोंदी गमावण्याची तयारी ठेवावी लागते. पण पुणे आणि नवी मुंबई एकाच राज्याच्या वीजजाळ्यावर आहेत आणि एकाच घाटातला पाऊस अंगावर घेतात. आम्ही शेवटी पुण्यात जवळची प्रत आणि दक्षिणेत लांबची प्रत असं ठरवलं. दर काही महिन्यांनी एक पूर्ण रविवार शाखांना लांबच्या प्रतीवर चालवून बघतो. नुसती प्रत पोहोचते आहे यावर समाधान मानत नाही. त्या प्रतीवरून दिवसअखेर निघाली पाहिजे.

६. दोन कंपन्यांचं फायबर एकाच खड्ड्यात असतं

ठाणे-बेलापूर रस्त्यावर वर्षभर काही ना काही खोदकाम चालू असतं. जेसीबीचा एक दात आणि शेकडो कंपन्यांची लिंक खाली. आम्ही दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लिंक घेतल्या होत्या, बिलं दोन येत होती, आणि एका दुपारी दोन्ही एकाच मिनिटाला गेल्या. दोन्ही कंपन्यांनी शेवटच्या टप्प्यासाठी तिसऱ्या एकाच कंपनीची डक्ट भाड्याने घेतली होती आणि आमच्यापैकी कुणालाच ते सांगितलं नव्हतं.

तेव्हापासून लिंक घेताना मी मार्गाचा नकाशा मागते, इमारतीच्या कोणत्या बाजूने फायबर आत येतं ते बघते आणि ‘मार्ग बदलल्यास पूर्वसूचना’ हे कलम घालते. इमारतीला फायबर शिरायच्या दोन वाटा समोरासमोरच्या बाजूंना असाव्यात. दोन्ही वाटांतलं फायबर आत येऊन एकाच मीट-मी रूममध्ये मिळत असेल तर त्या खोलीचीही आग आणि पाण्याची चौकशी करावी.

कॅरियर न्यूट्रल, म्हणजे कुठल्याही कंपनीची लिंक घ्यायची मुभा असलेलंच सेंटर घ्यावं. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, त्यामुळे मुंबई-नवी मुंबईत कंपन्यांची निवड भरपूर मिळते. पुण्यात ती कमी असते. क्रॉस कनेक्टचं भाडं मात्र विचारून घ्या. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाणाऱ्या काही मीटर केबलचं ते दरमहा भाडं असतं, आणि लिंक वाढत गेल्या की ती रक्कम फुगते.

७. हवेचा अहवाल मागा

तापमान सगळे विचारतात. सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश सेल्सिअस ही अॅशरे या संस्थेने शिफारस केलेली मर्यादा आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती पाळली जाते. हवेत काय आहे हे मात्र फार कमी जण विचारतात. नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात एका बाजूला खाडी आणि मधूनमधून रसायनांचे कारखाने. हवेतले गंधकाचे अंश तांब्याला आणि चांदीला खातात. २००६पासून युरोपच्या नियमांमुळे शिसंविरहित बोर्ड आले आणि त्यांतल्या काहींवर चांदीचा मुलामा असतो, त्यामुळे हा त्रास वाढला. मशीन दोन वर्षांत कारण न कळता मरायला लागतं; वॉरंटीत बदलून मिळतं आणि नवंही तसंच जातं.

यावर उपाय साधा आहे. हॉलमध्ये तांब्या-चांदीच्या छोट्या पट्ट्या महिनाभर ठेवतात आणि प्रयोगशाळेत त्यांच्यावर चढलेला थर मोजतात. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमच्या आत आणि चांदीवर २००च्या आत असेल तर हवा ठीक. चांगलं सेंटर असे अहवाल नियमित ठेवतं आणि बाहेरची हवा आत घेताना रासायनिक फिल्टर लावतं.

८. रात्रपाळीच्या माणसाला भेटा

विक्रीचा माणूस दिवसा भेटतो. डिस्क रात्री जाते.

आम्ही जिथे आज आहोत तिथे जागा ठरवण्याआधी मी रात्री साडेअकराला, आधी कळवून, गेले होते. पाळीवर साताऱ्याकडचा एक तरुण इंजिनिअर होता. मी म्हटलं, ‘दादा, समजा आमचा फोन आला की अमुक रॅकमधली तिसरी डिस्क बदला, तर तुम्ही काय कराल?’ तो म्हणाला, ‘मॅडम, आधी लाल दिवा लागलाय का बघणार. मग सिरियल नंबर तुम्हाला फोनवर वाचून दाखवणार. तुम्ही हो म्हटल्याशिवाय हात लावणार नाही.’ आमचा निर्णय बराचसा त्या उत्तरावर झाला. त्याआधीच्या एका सेंटरमध्ये चकचकीत स्वागतकक्ष होता, पण रात्री दोनला टाकलेल्या तिकिटाला सकाळी शिफ्ट बदलल्यावर उत्तर यायचं.

सेंटरच्या माणसांकडून आपलं काम करून घेण्याचे, म्हणजे रिमोट हँड्सचे, तास भाड्यात किती मोफत, पुढे ताशी दर काय, रात्रीचा आणि सुट्टीचा वेगळा का, हे लिहून घ्यावं. आपल्या बाजूने प्रत्येक सर्व्हरला पुढून आणि मागून ठळक लेबल असावं, आणि प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना. रात्री तीनला आपल्यासाठी काम करणाऱ्या अनोळखी माणसाला एवढी मदत करणं आपलं कर्तव्य आहे. सुट्या डिस्क, एक पॉवर सप्लाय, काही केबल तिथेच कुलपात ठेवाव्यात.

सामान आत नेण्याचे कागदही आधी समजून घ्या. सर्व्हर विकत नेत नसलात तरी डिलिव्हरी चलन लागतं, किमतीप्रमाणे ई-वे बिल लागतं, आणि सेंटरचा गेटपास आदल्या दिवशी मंजूर करून घ्यावा लागतो. शनिवारी संध्याकाळी गेटपास मंजूर करणारा कोणी असतो का? अनंत चतुर्दशीला रस्ते बंद असताना पुण्याहून निघालेला इंजिनिअर पोहोचेल का? आम्ही त्या दिवशी आदल्या रात्रीच माणूस तिकडे मुक्कामाला पाठवतो.

९. कायद्याचं

हे थोडक्यात. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि १८० दिवसांचे लॉग भारतात जपावे लागतात. सेंटरच्या दारातल्या नोंदी आणि कॅमेऱ्याचं चित्रण किती दिवस ठेवतात, आणि घटना घडल्यास ते आपल्याला किती तासांत देतील, हे करारात असावं. सहा तासांतले चार तास परवानगी मिळवण्यात गेले तर आपल्या हातात काय उरतं? नागरी बँकांचे तपासनीस हॉल बघायला येऊ शकतात. त्यांना प्रवेश देण्याचंही कलम हवं.

१०. करारात शेवटची पानं आधी वाचा

९९.९८२ टक्के वेळ चालू राहण्याची हमी म्हणजे वर्षाला साधारण एक तास पस्तीस मिनिटं बंद; ९९.९९५ म्हणजे सव्वीस मिनिटं. हे आकडे वर्षावर मोजतात की महिन्यावर, ते बघा. त्याहून महत्त्वाचं, हमी मोडली तर काय मिळतं? बहुतेक करारांत त्या महिन्याच्या भाड्याचा काही भाग पुढच्या बिलात वळता होतो, तोही तुम्ही ठरल्या मुदतीत लेखी मागितला तर. शाखांचं नुकसान, ठेवीदारांचा खोळंबा यांची भरपाई त्यात नसते. म्हणून आकड्यावर वाटाघाटी करण्यात मी वेळ घालवत नाही. त्याऐवजी घटनेनंतर पाच दिवसांत कारणांचा पूर्ण लेखी अहवाल, आणि वर्षात दोनदा तीच चूक झाल्यास दंडाशिवाय करार मोडण्याचा हक्क, एवढं मागते. खरं तर या मागणीला समोरचा कसं उत्तर देतो ते मला बघायचं असतं.

विमा आपल्या यंत्रांचा आपणच काढायचा. सेंटरचा विमा त्यांच्या इमारतीचा असतो, आणि आपल्या पॉलिसीत यंत्रं ‘दुसऱ्याच्या जागेत’ आहेत असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर दावा अडतो. भाडं वर्षाला किती टक्क्यांनी वाढणार आणि वीजदर वाढला तर तो कसा लागू होणार, या दोन वेगळ्या ओळी असाव्यात. एकीत दुसरी मिसळू देऊ नये.

शेवटचं कलम बाहेर पडण्याचं. थकबाकीचा वाद असेल तर सेंटर आपली यंत्रं अडवून ठेवू शकतं असं अनेक मसुद्यांत असतं. यंत्रं आमची असली तरी त्यांतली माहिती ठेवीदारांची आहे, म्हणून वादग्रस्त रक्कम वेगळ्या खात्यात भरून यंत्रं नेण्याची सोय आम्ही मागतो. करार संपल्यावर नव्या जागी जाईपर्यंत दोन्हीकडे चालू ठेवायला तीन महिने जुन्याच दराने मिळाले पाहिजेत, क्रॉस कनेक्टसकट. हे कलम सही होण्याआधी सहज मिळतं. एकदा रॅक भरले की कुणी देत नाही.